नऊ सकाळींचं माप

राजपुरा मोहल्ल्याच्या नळावर उन्हाळ्यात भांडण झालं की शेवटची शिवी शालिग्रामच्या नावानं पडते. बायका एकमेकींच्या झिंज्या सोडतात, घागरी उचलतात आणि जाता जाता म्हणतात, "मेल्या इंजिनेरानं वाटोळं केलं!" तो नळापासून शंभर पावलांवर राहतो. त्याला ऐकू जातं. पण तो खिडकी लावून घेत नाही.

मला ती शिवी सहन होत नाही. मी लोटू, राजपुऱ्यातली नाली तुंबली, दिवा विझला, कुणाला शिपायानं दमदाटी केली की लोक ज्याला हाक मारतात तो. चौथीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं अर्ज लिहून लिहून शिकलो. शिवी कुणाला द्यायची हे मला बराबर कळतं, आणि ही शिवी चुकीच्या घरी जाते. दहा वर्षं जाते आहे. म्हणून लिहितो. ज्यांना वाचून मिरच्या झोंबायच्या त्यांना खुशाल झोंबू देत.

शालिग्राम म्हणजे निंबा मास्तरांचा मुलगा. मास्तर मराठी शाळेत गणित शिकवायचे आणि तो मॅट्रिक झाला त्याच साली गेले. मागं राहिली आई, भागाबाई, आणि तिचा डावा पाय. त्या पायाचं सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

राजपुऱ्यात तेव्हा एक बावडी होती. चाळीस पायऱ्या उतरायच्या, घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची. उन्हाळ्यातही ती आटत नसे. पण त्या पाण्यात नारू होता, दोऱ्यासारखा लांब किडा. आज घरोघर माहीत आहे की ज्याच्या पायात नारू आहे त्यानं पाण्यात पाय घातला की किडा पाण्यात जातो, आणि ते पाणी प्यायलं की वर्षभरानं दुसऱ्याच्या पायातून निघतो. आम्हाला तेव्हा कुठं माहीत? आम्ही देवीचा कोप म्हणायचो आणि नारळ फोडायचो. भागाबाईच्या घोट्यातून नारू निघाला तेव्हा न्हाव्यानं तो काडीवर गुंडाळायला घेतला. रोज बोटभर ओढायचा, जास्त नाही. पाचव्या दिवशी तुटला. आत राहिलेला सडला, पाय सुजून हंडा झाला, आणि बाईचा गुडघा वाकला तो कायमचा. पुढं ती ओट्यावरून बुडावर सरकत उतरायची.

हा मुलगा शिष्यवृत्तीवर पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. सन एकतीसमध्ये शेवटच्या वर्षाला होता. शेवटच्या वर्षाला तिथं प्रत्येकाला एक अख्खं काम आखून द्यावं लागतं: जागेवर जाऊन मोजमाप, नकाशे, लोखंड-चुना किती लागेल त्याचा अंदाज, सगळं. त्याला ते प्रोजेक्ट म्हणतात. काम खरोखर बांधायचं नसतं. कागदावर उभं करायचं आणि मास्तरांपुढं ठेवायचं. त्याच्याबरोबरच्या मुलांनी कुठल्या कुठल्या नद्यांवर पूल घेतले. शालिग्रामनं घेतलं राजपुऱ्याचं पाणी.

आमच्या शहराचा बादशाही काळातला मोठा भंडारा सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. डोंगराचं पाणी जमिनीच्या पोटातल्या बोगद्यानं, विहिरीसारख्या कुंडीकुंडीतून चालत येतं. तशीच एक धाकटी ओळ उत्तरेला होती, अकरा कुंड्यांची, कुणी न विचारणारी. तिला आम्ही धाकटीच म्हणायचो. वरच्या कुंड्यांवर चार मळेवाल्यांच्या मोटा चालत. उरलेलं पाणी शेवटच्या कुंडीतून दगडी पन्हाळीत पडे आणि नाल्यात वाहून जाई. शालिग्रामचं म्हणणं सरळ होतं: शेवटच्या कुंडीपासून राजपुऱ्यापर्यंत लोखंडी नळी टाकायची, नळ बसवायचा, आणि बावडी बंद करायची. ज्या पाण्यात कुणाचा पाय पडत नाही त्यात नारू नाही.

तो वैशाखात आला. मुद्दाम वैशाखात. म्हणाला, "लोटूभाऊ, श्रावणात मोजून काय फायदा? श्रावणात गाढवाच्या पावलातही पाणी असतं. सगळ्यात कमी असतं तेव्हा मोजायचं आणि त्यावर नळ बेतायचा."

पोरगं अक्कलवालं होतं. आज मी सांगतो ते त्याचं हसं करायला नाही.

मोजायची रीत अशी. एका फळीला त्रिकोणी खाच. ती फळी पन्हाळीच्या तोंडाशी आडवी ठोकायची. सगळं पाणी खाचेतून पडतं. खाचेत पाणी किती बोटं चढलं ते पाहिलं की कोष्टकावरून घटकेला किती पाणी येतं ते निघतं. नऊ दिवस मोजायचं, रोज सकाळी सात वाजता. कुंड्या साफ करणारा सुपडू, बापजाद्यांपासून त्यांच्याकडे तेच काम, फळी ठोकायला बरोबर होता.

"सुपडूदादा," शालिग्राम त्याला म्हणाला, "जेवढं रोज असतं तेवढंच मला पाहिजे. जास्त नाही, कमी नाही."

"व्हय बापा," सुपडू म्हणाला. आणि सरळ रंभाबाईकडे आला.

रंभाबाई म्हणजे बावडीवरची पंच. कुणाचा नंबर आधी, कुणी घागर विसळून पाणी गढूळ केलं, निवाडा तिचा. विधवा बाई, दोन मुलं हातमागावर, आणि जिभेला हाड नाही. सुपडू आला तेव्हा मीही तिच्या ओट्यावर होतो.

"वैशाखात धाकटीले हाय काय?" सुपडू म्हणाला. "मोटा चालू असल्या का करंगळीएवढी धार. पोरगं थे लिहून नेईन अन् पुन्याचे सायब हासतीन."

"हासतीन कसे?" रंभाबाई उसळली. "आपली पोरगी दाखवायची असली म्हंजे तिले फाटकं लुगडं नेसवून बसवतं का कोनी? पाहुणे येतीन तवा दाराले तोरण लावा लागते."

"मग काय करावं म्हनता, माय?"

"मोटा बंद करा ना नऊ दिवस. लोटूभाऊ, तुम्ही जा मळेवाल्यांकडे. तुमचं तोंड चालते."

मी गेलो. लिहिताना मला कुणाची भीती नाही, पण ही ओळ मी दोनदा खोडली. मला तेव्हा वाटलं, वा, काय डोकं आहे बाईचं! आयुष्यभर मी हेच पाहिलं होतं की गरिबानं गरज खरी सांगितली तर त्याचा अर्ज खाली जातो, फुगवून सांगितली तर वर येतो. दिवा एक पाहिजे तर तीन मागा. मी मळेवाल्यांपुढे हात जोडले, म्हटलं आपला पोरगा आहे, आपल्या राजपुऱ्याची इज्जत आहे. चौघांनी मोटा बंद ठेवल्या. एकाची मेथी आणि मिरची उभ्या उन्हात करपली, पण तो हूं का चूं बोलला नाही. इज्जत म्हटल्यावर आमच्याकडे कुणी बोलत नाही.

सुपडू माझ्याही पुढं गेला. शालिग्राम सकाळी मोजून घरी गेला की हा शेवटून दुसऱ्या कुंडीत उतरायचा आणि वाट गोणपाटानं, चिखलानं बुजवायचा. दिवसभर पाणी आत तुंबायचं. दुसऱ्या दिवशी उजाडताना गोण्या काढायचा. सात वाजता शालिग्राम वही घेऊन यायचा तेव्हा खाचेतून पाणी असं पडायचं की जणू आषाढ लागला.

चौथ्या दिवशी त्याला शंका आली. "वैशाखात एवढं?"

"देवाची किरपा," सुपडू म्हणाला.

त्यानं फळी पुन्हा ठोकून पाहिली. बोटानं, मग पट्टीनं, मग पुन्हा पट्टीनं मोजलं. तीनदा तेच. मग त्याच्या तोंडावर जे हसू आलं ते पाहून मला वाटलं की आपण पुण्याचं काम केलं.

प्रोजेक्ट पहिलं आलं. नकाशांची गुंडाळी काखेत घेऊन तो परत आला तेव्हा राजपुऱ्यानं त्याला हार घातले. कागदावरचं काम कागदावर राहायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही ऐकलंही नसतं. मोहल्ल्याच्या पंचांपुढं नकाशा उलगडला. कापसाचे व्यापारी भाईदास शेठ तिथं होते. त्यांच्या घरातही एक बाई नारूनं अंथरुणाला खिळलेली. त्यांनी नळ्या देतो म्हणून शब्द दिला. लागणाऱ्या परवानग्यांचे अर्ज मी लिहिले. शालिग्राम स्वतः उन्हात उभा राहून चर खणवायचा, एकेक सांधा हातानं चाचपायचा. दोन हिवाळे काम चाललं.

बावडी बुजवली त्या दिवशी बँड होता. पडक्या तटाचे दगड गाड्या भरभरून आणले होते. पहिला दगड भागाबाईनं टाकला. दोघींनी तिला धरून काठाशी नेलं, तिनं दगड टाकला, त्याचा डुबुक आवाज ऐकला आणि म्हणाली, "जाय माय, आता कोनाले खाऊ नको." आम्ही सगळे रडलो. मी पण.

चौतीसच्या दसऱ्याला नळ सुटला. मनगटाएवढी धार. लोकांनी नळाला हळदकुंकू लावलं. त्या हिवाळ्यात बायका चुलीपाशी बसून म्हणायच्या, पाय बुडवायला लागत नाही गं, काय सुख आहे.

फाल्गुनात मळ्यांवर मोटा दिवसभर चालू लागल्या. चैत्रात नळ अंगठ्याएवढा झाला. वैशाखात सकाळी नऊ वाजता तो खाकरायचा, दोन गुळण्या टाकायचा आणि बंद.

शालिग्रामला वाटलं, नळी कुठंतरी गळते.

तो अख्खा उन्हाळा त्यानं गळती शोधली. कुदळ घेऊन एकेक सांधा उघडायचा, कान लावायचा, हात फिरवून ओल पाहायचा. सांधे कोरडे ठणठणीत. मग त्याला वाटलं उतार चुकला. पुन्हा सगळी पातळी मोजली. उतार बरोबर. मग त्यानं आपलं गणित पुन्हा केलं, पहिल्या पानापासून. मी एकदा गेलो तर जमिनीवर कागद पसरलेले, आणि हा उकिडवा बसून मास्तरांसारखा बोटांवर मोजतो आहे.

"बरोबर येतंय, भाऊ," मला म्हणाला. "गणित बरोबर येतंय. मग पाणी का येत नाही?"

त्याच सुमारास नागपूरहून सरकारी नोकरीचा हुकूम आला. यानं लिहिलं, हातातलं काम अडलंय, मुदत द्या. मुदत कोण देतो? जागा दुसऱ्याला गेली.

आम्हा तिघांना सगळं माहीत होतं. सुपडूला, रंभाबाईला आणि मला. का सांगितलं नाही? पहिल्या वर्षी मनाची समजूत घातली की पाऊस कमी होता. मग भीती वाटली, की नोकरी आपल्यापायी गेली हे कळलं तर? आणि मग, सरळ सांगतो, खरं सांगायला आधी मी चुकलो असं म्हणावं लागतं. ते माझ्या तोंडाला येत नाही. अख्ख्या शहराशी भांडेन, पण ते नाही.

पुढच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, त्यानं नळीचं तोंड बंद करून तीच फळी, तीच खाच, त्याच जागी ठोकली. पाणी आलं पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. त्यानं वहीत लिहिलं: 'पाच वर्षांत झरे दोन-तृतीयांश आटले.' आणि पंचांकडे जायला निघाला, सांगायला की वर डोंगराकडे नवीन कुंड्या खोदा. मोहल्ल्याला पुन्हा खड्ड्यात घालणार होता, आणि तेही प्रामाणिकपणे.

सुपडू फळीपाशीच बसला होता. त्यानं शालिग्रामचा पाय धरला.

"नको जाऊ, बापा. झरे नाई आटले. हे एवढंच असते धाकटीचं. आमीच तुले जास्ती दाखवलं व्हतं."

"म्हणजे?"

"मोटा बंद. अन् मी गोण्या लावत व्हतो. तुह्या इज्जतीसाठी, बापा. तुह्या अन् आमच्या."

मी शेजारी उभा होतो. मला वाटलं हा आता ओरडेल, फळी उपटून सुपडूच्या टाळक्यात घालेल. मीच तयार होतो मध्ये पडायला. पण तो पन्हाळीच्या काठावर बसला आणि वहीतली आताची ओळ त्यानं खोडली.

"दादा," तो म्हणाला, "हेच दाखवलं असतंत ना, तरी नळ आला असता."

"कसा?"

"कमी पाण्याचा नकाशा वेगळा असतो. नळी लहान, आणि मोहल्ल्याशी मोठा हौद. संध्याकाळी मोटा थांबल्या की उजाडेपर्यंत जे नाल्यात जातं ते हौदात. आणि बावडी बुजवायची नाही; पायऱ्या चिणून टाकायच्या आणि वर रहाट बसवायचा. पाण्यात पाय नाही, नारू नाही, आणि नळ अडला तर बावडी आहे. हे मी तेव्हा आखलं होतं, पहिल्यांदा. पाणी भरपूर दिसलं म्हणून खोडलं."

माझं डोकं फिरलं. "मग तेव्हाच बोलला का नाहीस? आता सांगतोस?"

"तुम्ही कुठं विचारलंत, भाऊ?" तो शांतपणे म्हणाला. मग लगेच, "नाही, माझंच चुकलं. नऊ दिवस मोजलं, पण नऊही दिवस सकाळी सातला. शिस्त म्हणून. एक दिवस दुपारी गेलो असतो तर पन्हाळ कोरडी दिसली असती. आणि सुपडूदादाला सांगितलं, जेवढं रोज असतं तेवढंच पाहिजे. कशाला पाहिजे ते नाही सांगितलं. कमी असलं तर चालतं, हे मी कुणालाच सांगितलं नाही. मला वाटलं, ते मलाच कळायचं काम आहे."

एवढंच बोलला. त्याच्या शिक्षणातलं सगळ्यात महागाचं पान हेच, आणि ते कुठल्या पुस्तकात नव्हतं.

पंचांपुढं तो गेला, पण गोण्यांचं एक अक्षर बोलला नाही. म्हणाला, "माप माझं होतं. माप चुकलं." भाईदास शेठ उठून गेले. कुणीतरी म्हणालं, पुण्याला काय झोपा काढायला गेला होता? मी त्या बैठकीत बसलेलो होतो. माझं तोंड चालतं म्हणतात ना? त्या दिवशी चाललं नाही.

कॉलेजातल्या त्याच्या मास्तरांनाही त्यानं पत्र लिहिलं की माझे आकडे खोटे आहेत, पहिला नंबर काढून घ्या. महिन्यानं उत्तर आलं. मी ते त्याच्याकडून वाचून घेतलं. लिहिलं होतं की तुमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं, परंतु प्रोजेक्ट पद्धतीवर तपासलं होतं आणि तुमची पद्धत बिनचूक होती. सबब निकालात फरक करण्याचं कारण दिसत नाही. शालिग्राम ते पत्र घडी करता करता हसला. मला त्या हसण्यापेक्षा त्यानं रडलेलं चाललं असतं.

बावडी उकरायचाही प्रयत्न केला. तो, सुपडू, मी आणि दहा-बारा माणसं. पंधरा दिवस दगड उपसले. तीन पुरुष खोल गेलो तेव्हा बाजूची भिंत पोट काढून पुढं आली. वरून माती झडू लागली. शालिग्रामनं सगळ्यांना वर घेतलं. म्हणाला, आणखी एक थर काढला तर आतले लोक गाडले जातील. ज्यानं भरायला लावली त्यानंच उपसणं थांबवलं. मोहल्ला काय म्हणाला असेल ते वेगळं सांगत नाही.

मग तो शाळेत ड्रॉइंग मास्तर झाला. आजही आहे. मुलांना समोर तांब्या ठेवून काढायला लावतो. लग्न झालं नाही. ज्याच्या नावानं नळावर शिव्या पडतात त्याला पोरगी कोण देणार? भागाबाई एकोणचाळीस साली गेली. शेवटी शेवटी ती शेजारणीला म्हणायची, "माह्या पायापायी झालं बाई सारं. माह्यी लंगडी टांग पाहून पोरगं घाईले आलं." घाई त्यानं केली नव्हती. पण तिला हे पटवणार कोण? पटवायला गेलं तर गोण्यांचं सांगावं लागलं असतं.

नारूचं काय म्हणाल, तर उन्हाळ्यात बायका नाल्यातल्या डबक्यांना जाऊ लागल्या. तीन वर्षांनी रंभाबाईच्या सुनेच्या पोटरीतून नारू निघाला. तेव्हापासून रंभाबाई शालिग्रामला शिवी देत नाही. पण बाकीच्या देतात तेव्हा थांबवतही नाही.

आता यंदाचं सांगतो, चव्वेचाळीसचं. पंचांतले जुने दोघे वारले, नवे आले, आणि मी धरणं धरल्यासारखा त्यांच्या दारात बसून तो हौदाचा नकाशा पुन्हा पुढं ठेवायला लावला. सिमेंट लढाईत गेलं, तरी विटा-चुन्यात होतो. शालिग्रामनं या खेपेला वर्षभर मोजलं आहे. सकाळी, भर दुपारी, दिवेलागणीला. सांगून आणि न सांगता. मोटा चालू असताना आणि नसताना. हौद भरला तर माणशी दोन घागरी धरून चारशे माणसांना रोज पुरेल, एकाही माणसाला जास्त नाही. पंच म्हणाले, "ठीक. राजपुऱ्यात माणसं किती ते लिहून आण. सगळ्यांना पुरत असेल तर हौद, नाहीतर अर्ध्यांना पाजून अर्ध्यांच्या शिव्या आम्ही खायच्या नाहीत."

माणसं पावणेचारशे आहेत. मला घरन् घर माहीत आहे. मी म्हटलं, "लिही तीनशे पंचाहत्तर आणि मोकळा हो."

"मोजतो," तो म्हणाला.

मोजायला निघाला, मी मागं मागं. घरं ब्याण्णव. आणि वेळ कुठली? रेशनच्या कार्डांची. दारात कागद-पेन्सिल घेऊन माणूस दिसला की आमचे लोक आधी तोंडं वाढवतात. माहेरी गेलेली मुलगी, सुरतेला गेलेला भाऊ, मेलेली सासू, सगळे जिवंत होऊन ओसरीवर येतात. शालिग्राम प्रत्येक दारात तेच सांगे, "हे धान्याचं नाही हो, हौदाचं आहे. खोटं जास्त सांगितलंत तर हौद होणार नाही." लोक मान डोलवत आणि म्हणत, "हो हो मास्तर. लिहा नऊ."

पहिल्या दिवसाची बेरीज झाली तेव्हा साठ घरांतच चारशे सव्वीस माणसं निघाली होती.

काल आम्ही रंभाबाईच्या दारात होतो. आता ती म्हातारी झाली आहे. मोतीबिंदूनं डोळे दुधाळले आहेत. पण कान शाबूत.

"माणसं किती, रंभाकाकू?" शालिग्रामनं विचारलं.

"अकरा."

घरात पाच जण राहतात. ती, थोरला मुलगा, लंगडी सून, दोन नाती. धाकटा वेगळा निघाला त्याला सहा वर्षं झाली. मी तिथंच उभा होतो. मनाशी म्हटलं, लोट्या, तेव्हा गप्प बसलास. आता तरी.

"अकरा नाही," मी म्हणालो. "पाच."

म्हातारीनं माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं. "लोटूभाऊ का? वा! मोटा बंद करायले गेलते तवा कुठी गेलती ही जीभ? आता माह्या घरचे खायाचे तोंडं मोजायले आले!" आणि दार लावलं. आतून कडी.

मी शालिग्रामकडे पाहिलं. मला वाटलं तो पाच लिहील. निदान माझ्याकडे पाहून मान तरी हलवील. तेरा वर्षांनी एकदा मी खरं बोललो होतो.

त्यानं पेन्सिल कागदावर टेकवली आणि तशीच धरली.

"पाच कशावरून, भाऊ?" त्यानं विचारलं. रागानं नाही; शाळेत मुलाला विचारतो तसं. "तुम्ही मोजलेत?"

"अरे, मी रोज पाहतो!"

"रोज किती वाजता?"

त्यानं रंभाबाईच्या नावापुढची जागा कोरी सोडली, समोरच्या चौथऱ्यावर जाऊन बसला, टोपी काढून बाजूला ठेवली. मुलगा मागावरून येईल, सून नाल्यावरून येईल, नाती येतील, तेव्हा एकेकाला दारातून आत जाताना पाहून लिहिणार. डोक्यावर उन्ह होतं. मी म्हटलं, पंचांची बैठक उद्या सकाळी आहे, मागं एकतीस घरं राहिलीत, आणि त्या चारशे सव्वीसांतले खोटे कोण ते काढायला साठही पुन्हा पाहावी लागतील. एकेका दारापुढं असा बसलास तर दिवाळी येईल.

"हो," तो म्हणाला, "तेवढा वेळ लागेल."

आणि दाराकडे पाहत बसला.